कोर्टाची डायरी आणि खिशातली वही

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील दापोली आणि खेडच्या कोर्टांत ३८ वर्षं वकिली करत होते. सुट्टी मिळाली की एखादा किल्ला, सडा (कातळाचं उघडं पठार), नाहीतर हर्णै-आंजर्ल्याची पुळण. आठ महिन्यांपूर्वी ते गेले. वर्षश्राद्धाला ८० पानांचं आठवणींचं पुस्तक काढायचं आहे. घरात वकिली डायऱ्यांचे गठ्ठे, खिशातल्या छोट्या वह्या, फोटोंचे डबे आणि अशिलांच्या फायली आहेत. नातेवाईक लेख द्यायला तयार आहेत. सुरुवात कुठून करावी?

नातेवाइकांच्या लेखांपासून नको. वीस जणांना लेख मागितले की त्यातले सतरा ‘मनमिळाऊ, शिस्तप्रिय, निसर्गावर नितांत प्रेम करणारे’ एवढंच सांगतात. पानं भरतात, माणूस सापडत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पुस्तकाचे दोन भाग पाडणं, पहिला ‘वकील’ आणि दुसरा ‘भटका’. तालुक्याच्या कोर्टातला वकील असा दुभंगलेला नसतो. त्याची भटकंती कोर्टाच्या कॅलेंडरवर चालते: रविवार, दुसरा आणि चौथा शनिवार, मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, आणि ज्या दिवशी बोर्डावरचं (त्या दिवसाच्या यादीतलं) काम साडेबाराला तहकूब होतं ती दुपार. म्हणून लेख मागवण्याआधी कोर्टाची डायरी आणि खिशातली वही शेजारी शेजारी ठेवून तारखा जुळवा. पुस्तक तिथून निघेल.

पण त्याही आधी फायली. वकिलाच्या मृत्यूबरोबर त्याचं वकीलपत्र संपतं (दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर ३, नियम ४), त्यामुळे चालू कामांतल्या अशिलांना दुसरा वकील लावून नवं वकीलपत्र द्यावं लागतं. आठ महिन्यांत बहुतेकांनी ते केलं असेल. तरीही फायलींत मूळ खरेदीखतं, मृत्युपत्रं, जुने सातबारे, क्वचित मोडीतले कागद अडकून राहतात. प्रत्येक फाईल उघडा, मूळ कागद वेगळे काढा आणि पोच घेऊन परत करा. पोचेवर कागदाचा प्रकार, दस्त क्रमांक, तारीख, पानांची संख्या आणि घेणाऱ्याची सही हवी. ज्याच्या नावाचं वकीलपत्र आहे त्यालाच कागद द्यायचा. तो हयात नसेल तर सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. भावाभावांच्या वाटपाच्या दाव्यातलं मूळ खरेदीखत एकाच्या हातात गेलं, तर नवा दावा तुमच्या ओसरीवरून सुरू होईल. वारस मुंबईला असतात, पण गणपतीत आणि शिमग्याला गावी येतात. निरोप त्या बेताने पाठवा. फायली रद्दीत घालू नका, आणि पुस्तकासाठी त्यातली पानंही उचलू नका.

याला कारण आहे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि काम संपलं तरी हे बंधन सुटत नाही. पूर्वी हे भारतीय पुरावा अधिनियम १८७२ च्या कलम १२६ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. वकिलाचे कारकून आणि कर्मचारीही त्यात येतात. मुलांचं नाव कलमात नाही, पण वडिलांनी ३८ वर्षं मिटून ठेवलेलं तोंड मुलांनी उघडू नये, हे वेगळं सांगायला नको. व्यवहारात असं करा: निकालपत्रात आहे तेवढं घ्या, अशिलाने ऑफिसात बसून जे सांगितलं ते सोडा. निकालपत्रातलंही गावाचं नाव, आडनाव आणि सर्व्हे नंबर तिन्ही एकत्र छापू नका. कोकणातल्या वाडीत तेवढ्यावरून घर ओळखू येतं. लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं हा गुन्हाच आहे. घटस्फोट आणि पोटगीची कामं मी सरसकट गाळायला सांगेन.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. कोकणातली दिवाणी वकिली ही बरीचशी जमिनीवर उभी असते: वाटप, कूळकायदा, गडगा (दगडी कुंपण) सरकवल्याची भांडणं, पाणंद, विहिरीचं पाणी, आंब्याच्या कलमांची वहिवाट. अशा दाव्यांत कोर्ट कमिशनर नेमून स्थळपाहणी होते (ऑर्डर २६, नियम ९), मोजणीदार येतो, दोन्ही बाजूंचे वकील बांधावर उभे राहतात. वडिलांच्या दोन्ही वह्या जुळवताना याच तारखा आधी शोधा. कोर्टाच्या डायरीत ‘स्थळपाहणी’ असेल आणि त्याच तारखेला खिशातल्या वहीत एखाद्या पक्ष्याचं, देवराईचं किंवा पऱ्यातल्या (ओढ्यातल्या) पाण्याचं टिपण असेल, तर तुमच्या हाती सर्वांत चांगलं पान लागलं.

वकिली डायरीचं पान वाचायला सोपं असतं, फक्त संक्षेप कळायला हवेत. मागची तारीख, कामाचा नंबर, पक्षकार, कामाची पायरी, पुढची तारीख असे रकाने असतात. ‘रे.मु.नं.’ म्हणजे नियमित दिवाणी दावा, ‘नि.’ म्हणजे निशाणी, कामातल्या कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक. ‘नि. ५’ दिसली की तो तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज असं बहुतेक वेळा धरायला हरकत नाही. ‘कैफियत’ हे प्रतिवादीचं उत्तर. पुढे ‘मुद्दे’, ‘पुरावा’, ‘उलटतपास’, ‘युक्तिवाद’. एका कामाचा माग काढायचा तर पुढची तारीख पाहून त्या पानावर जायचं, तिथून पुढच्या. एखादा बांधाचा दावा असा अकरा डायऱ्यांतून चालत गेलेला दिसला तर आश्चर्य मानू नका.

सगळी ३८ वर्षं टिपत बसलात तर वर्षश्राद्ध उलटून जाईल. पहिली दोन वर्षं पूर्ण घ्या, शेवटची दोन घ्या, मधली कुठलीही चार-पाच. याशिवाय खिशातल्या वह्यांतली प्रत्येक तारीख घ्या. संगणकावर एकच तक्ता करा: तारीख, तिथी, कोर्टात काय होतं, कुठे गेले, सोबत कोण, आणि पुरावा कुठला, म्हणजे कोणत्या वहीचं कितवं पान किंवा कोणता फोटो. शेवटचा रकाना कंटाळा आला तरी भरा. छपाईच्या आदल्या आठवड्यात मामा म्हणतील, ‘रसाळगडला १९९१ साली नव्हे, ८९ साली गेलो होतो’, तेव्हा तोच उपयोगी पडतो.

आठवणींतल्या तारखा तपासायला काही पक्के खुंटे आहेत. वकिलीच्या सनदेची तारीख बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाच्या प्रमाणपत्रावर असते, एलएल.बी.चा निकाल, सनद आणि कोर्टातला पहिला दिवस हे तीन वेगळे दिवस आहेत, आणि लेखांत हमखास एक होतात. १ मे १९८१ पूर्वी सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तेव्हा त्याआधीच्या प्रसंगात ‘सिंधुदुर्ग जिल्हा न्यायालय’ आलं तर चूक. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर १९९८ च्या जानेवारीत सुरू झाली. उच्च न्यायालयातलं जुनं काम म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याला मुंबईच; कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून बसू लागलं. अलीकडच्या कामांचा तपशील ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोधता येतो. जुन्या कामांसाठी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागेल, आणि त्याला दावा क्रमांक व वर्ष लागतं. ते तुमच्या डायरीत आहेच.

समुद्रकाठच्या नोंदींना याहून चांगली कसोटी आहे: भरतीचं गणित. कोळ्यांचा हिशेब असा, की पंधरवड्यातल्या तिथीची पाऊणपट करा. तेवढे वाजता पूर्ण भरती. नवमी असेल तर पावणेसात, सकाळी आणि संध्याकाळीही. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे दुपारी एकच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आगेमागे येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या जवळपास. हिशेब तासाभराने मागेपुढे होतो, खाडीच्या आत भरती उशिरा पोचते, तरी तपासणीपुरता तो पुरेसा आहे. एखाद्या फोटोमागे ‘पौर्णिमा, दुपारी १२, खडकांवर कालवं’ असं लिहिलेलं असेल, तर तिथी किंवा वेळ यांतलं एक चुकलं आहे, कारण तेव्हा तो खडक पाण्याखाली असतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. दूरवर उघडी पडलेली पुळण दिसत असेल तर तो दिवस बहुधा उधाणाच्या तिथीजवळचा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा.

सूर्यास्तावरूनही ऋतू कळतो. दापोलीच्या अक्षांशावर सूर्य जूनमध्ये नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. एकाच जागेवरून काढलेल्या दोन फोटोंत डावीकडे बुडणारा सूर्य हिवाळ्याच्या बाजूचा. होडीतून सुवर्णदुर्गावर गेल्याचा फोटो जून-जुलैचा म्हणून कोणी सांगितला तर मानू नका. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात. डिजिटल कॅमेऱ्याने फोटोवर उमटवलेल्या तारखेवर मात्र विसंबू नका, सेल काढला की त्याचं घड्याळ मागे जातं.

आता कागद आणि फोटो. हे काम पावसाळ्यात करू नये. दमट हवेत बंद कपाट उघडलं की बुरशीला ओल मिळते. पावसाळा मध्ये येत असेल तर फक्त तक्ता आणि मुलाखती करा, स्कॅनिंग दिवाळीनंतर. तेवढा वेळ हाती नसेल तर ज्या खोलीत वातानुकूलन आहे तिथे एका वेळी एकच डबा न्या. बुरशी लागलेलं पान उन्हात टाकू नका, शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. सावलीत, पंख्याखाली, दोन कोऱ्या कागदांमध्ये वाळवा आणि मग मऊ ब्रशने घराबाहेर झटका. नाकाला रुमाल बांधा. गंजलेली टाचणी ओढली की कागद फाटतो. टाचणीच्या दोन्ही अंगांना पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून ती आधी मोकळी करायची. लॅमिनेशन कोणत्याही मूळ कागदाला नको, ते परत सोडवता येत नाही. वाळवीची नळी भिंतीवर दिसली तर गठ्ठे भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून वर ठेवा.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो हा सगळ्यांत त्रासाचा भाग. नखाने उचकटू नका. दातांच्या फटी साफ करायचा, मेण न लावलेला धागा (डेंटल फ्लॉस) फोटोखाली करवतीसारखा फिरवा. तरी सुटला नाही तर अख्खं पान स्कॅन करा आणि सोडून द्या. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करा. साध्या कागदाला ३०० डीपीआय पुरतं, फोटोला ६००, निगेटिव्हला किमान २४००. निगेटिव्ह सापडली तर छापील फोटोऐवजी तीच वापरा. शिवाय तिच्या कडेला क्रमांक असतात, त्यावरून एकाच सहलीतले फोटो क्रमाने लागतात. लॉजची बिलं आणि एटीएमच्या पावत्या बऱ्याचदा उष्णतेने छापलेल्या कागदाच्या असतात, त्या फिकट होत कोऱ्या पडतात. त्यांचे फोटो आजच काढून ठेवा. नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर साधे पाठवलेले फोटो छपाईला चालत नाहीत, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

भिंतीवर सांबराचं शिंग किंवा पेटीत एखादं कातडं असेल तर इथे थांबा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली अशी वस्तू वारशाने आली की ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं निवेदन द्यावं लागतं, आणि मुळात वडिलांकडे मालकीचं प्रमाणपत्र होतं का, हा प्रश्न येतो. तुमची मुदत उलटून गेली आहे; पुस्तकात ती भिंत छापण्याआधी एखाद्या वकिलाशी बोला. जुन्या पिढीच्या वहीत डुकराच्या शिकारीला गेल्याची नोंदही सापडेल. कायद्याआधीची असेल तर सरळ लिहा, त्या काळात ते होत होतं. नंतरची असेल तर सोबत्यांची नावं तुमच्याकडेच राहू द्यात.

मुलाखती कोणाच्या घ्यायच्या? पहिला क्रमांक वडिलांच्या कारकुनाचा. कुठल्या तारखेनंतर साहेब पायताण बदलून कोर्टातून थेट एसटी स्टँडवर जात, हे त्यालाच ठाऊक असतं. मग समोरच्या बाजूने नेहमी उभे राहणारे वकील, कोर्टाचा पट्टेवाला, हर्णैचा होडीवाला, किल्ल्याच्या पायथ्याचं जेवणाचं घर. नातेवाईक त्यानंतर. ‘ते कसे होते?’ असं विचारलंत की ‘देवमाणूस’ असं उत्तर येणार आणि संभाषण तिथेच संपणार. त्याऐवजी विचारा: काम लवकर संपलं तर दुपारी कुठे बसत? डबा कोणाबरोबर खात? स्थळपाहणीला जाताना पिशवीत काय असे? दावा हरला त्या संध्याकाळी काय करत? चढावर पुढे असत की मागे? कोणाशी अबोला होता? शेवटचा प्रश्न कठीण जातो, पण माणूस त्याच्या उत्तरात असतो.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. पंखा बंद करा. पुळणीवर आणि पत्र्याखाली पावसात आवाज जातो. चाळीस मिनिटांच्या पुढे नेऊ नका. शक्य असेल तर त्या माणसाला जागेवर न्या. कोर्टाच्या आवारातल्या आंब्याखाली कारकून जे बोलेल ते तुमच्या दिवाणखान्यात बोलणार नाही. वकील संघाने शोकसभा घेतली असेल तर तिचा ठराव आणि इतिवृत्त मागून घ्या. भाषणं नाही, पण पुस्तकात ठराव असावा.

निसर्गाच्या नोंदी छापताना दोन गोष्टी सांभाळा. एक, नावं. वडिलांनी ‘गरुड’ लिहिलं असेल तर तो समुद्रगरुड असेलच असं नाही. कोकणात काही भागांत धनेशालाही गरुडच म्हणतात. आवाज, चोच, झाड, महिना यांपैकी काय लिहिलं आहे ते पाहा, जाणकाराला दाखवा, आणि खात्री नसेल तर त्यांचाच शब्द अवतरणात ठेवा. तो शब्द ‘सुधारू’ नका. ठिकाणांच्या नावांचंही तसंच: सडा, कातळ, पाखाडी, वहाळ, खाजण, मळी हे जसे आहेत तसेच राहू देत. पाखाडीचं ‘पायऱ्यांची पायवाट’ केलंत की दापोलीचा माणूस पुस्तक मिटेल.

दुसरी, जागा. समुद्रगरुडाचं घरटं, दुर्मीळ आमरी (ऑर्किड), कासवांची अंडी कुठे दिसली हे नेमकं छापायचं नसतं. गाव लिहा, वाडी आणि झाड नको. वेळास आता कासवांमुळे सगळ्यांना माहीत आहे; तिथलं संवर्धनाचं काम २००२ च्या सुमाराला उभं राहिलं. त्याआधीच्या वह्यांत कासवांच्या विणीच्या तारखा असतील तर त्या नुसत्या पुस्तकात गाडू नका, अभ्यासकांपर्यंत पोचवा, कारण त्या काळातल्या लेखी नोंदी थोड्या आहेत. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं वहीत आली असतील तर वर्ष नीट तपासा. ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, पण गुराख्यांना त्यांतली कित्येक आधीपासून माहीत होती. कोणाकडून कळलं तेही वडिलांनी लिहिलं असेल तर ते नाव वगळू नका. देवाचे गोठणे इथल्या चित्राजवळ होकायंत्राची सुई भरकटते, तेव्हा तिथल्या टिपणातली दिशा चुकीची वाटली तरी ती दुरुस्त करायला जाऊ नका.

लेखनहक्काचा गोंधळ होतो म्हणून सांगतो. वडिलांनी मित्रांना लिहिलेली पत्रं मित्रांच्या घरी असली तरी त्यांच्या मजकुराचा हक्क वारसांकडे येतो. उलट, वडिलांना आलेली पत्रं तुमच्या कपाटात असली तरी मजकूर लिहिणाऱ्याचा. छापण्याआधी त्याची किंवा त्याच्या घरच्यांची परवानगी घ्या. दुसऱ्याने काढलेल्या फोटोलाही हेच लागू.

लिहिताना वर्षांच्या क्रमाने जाऊ नका. आठ-दहा दिवस निवडा, दिवसाला पाच-सहा पानं. उदाहरणार्थ, चौथ्या शनिवारी सुमारगडची चढण आणि सोमवारी उलटतपास. मे सुट्टीतली बाणकोट ते वेळास ही पायपीट. पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांपुढे बसून वाचलेली कैफियत, अशी नोंद असेल तर. सलग जीवनपट शेवटी दोन पानांत. नातेवाइकांचे लेख ३०० शब्दांत, एकच प्रसंग, आणि विशेषणं कापण्याची मोकळीक आधीच मागून घ्या. हरलेला एखादा दावा आणि वाट चुकलेली एखादी भटकंती पुस्तकात असू द्या.

छपाईला शेवटचा महिना मोकळा ठेवा. डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे ८० पानांना पाच फर्मे. ८४ पानं झाली तर चार पानांसाठी भुर्दंड बसतो. पानाला साधारण २८० शब्द धरले आणि मुखपृष्ठामागची पानं, नकाशा, मोकळ्या जागा सोडल्या, तर मजकूर सतरा-अठरा हजार शब्दांचा. आत ८० जीएसएम मॅपलिथो, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, आणि रंगीत फोटोंची आठ पानं आर्ट पेपरवर वेगळी. मजकूर युनिकोडमध्ये द्या. मुद्रक तो जुन्या फॉन्टमध्ये फिरवत असेल तर ‘पऱ्या’, ‘दऱ्या’, ‘ॲड.’ आणि जोडाक्षरं हमखास मोडतात. पहिल्या प्रुफात आधी तीच शोधा. तिथी धरणार असाल तर प्रकाशनाची तारीख पंचांगात पाहूनच मुद्रकाला सांगा. वर्षश्राद्ध इंग्रजी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येतं, मध्ये अधिक महिना आला तर अठरा-एकोणीस दिवस नंतर.

दुसरं प्रूफ घरातल्या माणसाने वाचू नये. कोर्टाचा भाग कारकुनाला द्या, किनाऱ्याचा भाग होडीवाल्याला वाचून दाखवा. काम संपल्यावर खिशातल्या वह्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत घाम धरतो. प्रत्येक वही कोऱ्या पांढऱ्या कागदात गुंडाळून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि ती पुडी दर मे महिन्यात बदलायची.